पुराच्या मेसेजपासून पीएच.डी.पर्यंत: रेटरिक आणि तांत्रिक संज्ञापनाचा अभ्यासक व्हायचं असेल तर

हा लेख सांगली-साताऱ्याकडच्या अशा मुला-मुलींसाठी आहे, ज्यांनी बी.ए., बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंग केलंय, वाचण्या-लिहिण्याची ओढ आहे, पण ज्यांचं डोकं कथा-कवितेपेक्षा नोटिसा, अर्ज, माहितीपत्रकं आणि मशीनच्या खोक्यात सापडणाऱ्या पुस्तिकांत जास्त रमतं. अशा मुलाला आपल्याकडे सहसा 'स्पर्धा परीक्षा दे' असं सांगून मोकळं होतात. पण याचा एक रीतसर विषय आहे. अमेरिकेत त्यासाठी विद्यापीठांत अभ्यासक्रम आहेत, प्राध्यापकांच्या जागा आहेत, डॉक्टरेट आहे. विषयाचं नाव 'रेटरिक अँड टेक्निकल कम्युनिकेशन'.

रेटरिक म्हणजे कोणी, कोणाला, कुठल्या प्रसंगी, काय आणि कसं सांगितलं की ते पटतं आणि माणूस त्याप्रमाणे वागतो, याचा अभ्यास. तो ॲरिस्टॉटलच्या काळापासून चालत आलाय. तांत्रिक संज्ञापन म्हणजे यंत्र, औषध, धरण, कायदा, संगणक यांबद्दल असं लिहिणं, की वाचणाऱ्याला ते वापरून काम करता यावं. दोन्ही एका दावणीला बांधण्याचं कारण साधं आहे. सूचना वाचून माणूस काहीतरी करतो, आणि ते चुकलं तर बोट जातं, बाग जाते, घर बुडतं.

मी सांगलीत हाच विषय थोडाफार शिकवते. पायऱ्या ज्या क्रमाने घ्याव्यात असं मला वाटतं, त्याच क्रमाने खाली दिल्यात. पदवीची माहिती मुद्दाम मागे ठेवली आहे.

पायरी पहिली: एक कागद उचला

आधी कोर्स शोधू नका, पुस्तकंही मागवू नका. रोजच्या वापरातला एक मजकूर घ्या. नमुन्यादाखल पावसाळ्यात मोबाईलवर फिरतो तसा एक मेसेज घेऊ:

"कोयना धरणाच्या वक्र दरवाजांतून सायंकाळी ५ वाजता विसर्ग वाढवून ४०,००० क्युसेक करण्यात येत आहे. नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे."

व्याकरण चोख आहे, आकडा स्पष्ट आहे. आता सांगलीच्या गावभागात राहणाऱ्या बाईंच्या जागी बसून तोच मेसेज वाचा. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर पाणी. हे त्यांना माहीत असलं तरी उपयोग काय? त्यांना हवंय ते निराळंच: पाणी आमच्या दारात येणार का, आलं तर रात्रीत की उद्या, फ्रीज माळ्यावर चढवायचा की नुसती कागदपत्रं पिशवीत भरायची. 'सतर्क राहावे' यात करण्याजोगं काहीच नाही. सतर्क राहून करायचं काय?

उलट सांगलीकर एकमेकांशी कसे बोलतात ते ऐका. "आयर्विनला किती झालं?" "अडतीस." एवढ्यावर समोरचा उठून कामाला लागतो. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. शिवाय नदीकाठच्या घराला स्वतःचा आकडा पाठ असतो. किती फुटांना सूर्यवंशी प्लॉटमध्ये पाणी शिरतं, किती फुटांना दत्तनगरचा रस्ता बंद होतो, किती फुटांना आपली पायरी बुडते. धरणावरचा अभियंता क्युसेकमध्ये बोलतो, कारण दरवाजा उघडणं हे त्याचं काम. नदीकाठचा माणूस फुटांत ऐकतो, कारण पायरी त्याची. कराडला कोयना कृष्णेला मिळते, पुढे हरिपुरात वारणा येते. एवढा प्रवास पाणी करतं, पण मेसेज आहे त्या एककातच अडकून राहतो.

आता दुसरी बाजू. लोकांचं पाठांतरही दगा देतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. '२००५ ला इथं आलं नव्हतं, आता कुठनं येतंय' असं म्हणून घरात थांबलेले अनेक जण अडकले. म्हणजे 'क्युसेकऐवजी फूट लिहा' एवढ्यावर प्रश्न सुटत नाही. वाचकाला आकडा कळतो, पण त्या आकड्यावर तो विश्वास ठेवतो की स्वतःच्या आठवणीवर, हा पुढचा प्रश्न. आणि 'सतर्क राहावे' हे वाक्य तरी खरोखर नागरिकासाठी लिहिलेलं असतं का? पुढे काही विपरीत घडलं, तर 'आम्ही वेळेत कळवलं होतं' असं दाखवायला ते फाइलमध्ये लागतं. तांत्रिक मजकुराला असा दुसरा, न दिसणारा वाचक जवळजवळ नेहमीच असतो. तो ओळखता आला की रेटरिकची नजर आली असं समजा.

असे दहा-बारा मजकूर जमवा: सातबारा काढायच्या पोर्टलवरची सूचना, कर्जाचा फॉर्म, एस.टी.च्या पासची नोटीस, इस्पितळातलं संमतीपत्र. प्रत्येकावर एक पान लिहा. कोणी लिहिलं, कोणासाठी, वाचून नेमकं काय करायचं, न केल्यास कोणाचं बिघडतं, लिहिणाऱ्याला त्यातून काय मिळतं. हे करताना कंटाळा आला तर विषय तुमचा नाही, आणि त्यात काही कमीपणाही नाही. दोन-दोन तास कसे गेले ते कळलं नाही, तर पुढे वाचा.

पायरी दुसरी: वाचणाऱ्याला वाचताना बघा

घरात बसून केलेलं विश्लेषण निम्मंच असतं. उरलेलं निम्मं बांधावर जाऊन करायचं. तासगाव, पलूस, मिरज भागात द्राक्षबागा आहेत आणि बागेत औषधांच्या बाटल्या आहेत, त्यामुळे सांगलीच्या विद्यार्थ्याला यासाठी लांब जावं लागत नाही.

बाटलीवर ४५ अंशात वळवलेला एक चौकोन असतो, त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत. कायद्याप्रमाणे लाल म्हणजे अतितीव्र विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा म्हणजे सगळ्यांत कमी विषारी. कमी, पण विषारीच. हिरवा रंग बघून बागायतदाराला काय वाटतं? विचारा. आतल्या घडीपत्रकात मात्रा बहुधा हेक्टरी दिलेली असते. आपला शेतकरी एकरात आणि पंपात मोजतो. पत्रकावरून पाठीवरच्या १५ लिटरच्या पंपापर्यंत येताना तो मधला हिशेब कसा करतो, हेच बघण्यासारखं असतं.

पद्धत अशी. एक खरं काम द्या: "हे पत्रक बघून या पंपाला किती औषध घालाल ते सांगा, आणि वाचताना मनात जे येईल ते मोठ्याने बोला." मग गप्प बसा. हे गप्प बसणंच शिकायला वेळ लागतो. अक्षर बारीक म्हणून त्यांनी पत्रक बाजूला ठेवलं आणि दुकानदाराला फोन लावला, तर थांबवू नका. तो फोन हाच तुमचा निष्कर्ष आहे: पत्रकाचा खरा वाचक कृषी सेवा केंद्रवाला आहे आणि शेतकऱ्यापर्यंत पोचतं ते त्याचं तोंडी भाषांतर. पाच-सहा जणांबरोबर हे केलंत की अडखळण्याच्या त्याच त्या जागा पुन्हा दिसू लागतात.

फवारणी आणि काढणी यांत किती दिवस सोडायचे, ती ओळ लोकांना सापडते का, तेही बघा. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रक रसायनाचा अंश सापडल्यामुळे युरोपात गेलेली आपली द्राक्षं अडकली होती. त्या वर्षाचा विषय काढलात तर जुना बागायतदार तासभर बोलेल, आणि 'सूचना कोणाकडून, कधी पोचली' याची बखरच तुम्हाला मिळेल.

आधी परवानगी घ्या, नाव लिहू नका, रेकॉर्डिंग करायचं तर विचारून करा. पुढे विद्यापीठात याला नीतिसमितीची मंजुरी लागते, ती सवय आत्ताच लागलेली बरी.

पायरी तिसरी: वाचन, पण थोडं आणि नेमकं

आता वाचायला घ्या. सुरुवात जाड ग्रंथांनी करू नये, लेखांनी करावी. अमेरिकी अभ्यासक कॅरोलिन मिलर यांचा १९७९ चा निबंध या विषयाच्या उंबरठ्यावरच भेटतो. तांत्रिक लेखन म्हणजे स्वच्छ काच, तिच्यातून वस्तुस्थिती जशीच्या तशी दिसते, ही समजूत त्यांनी मोडीत काढली. त्यांचाच १९८४ चा लेख साहित्यप्रकाराकडे वेगळ्या नजरेने बघायला शिकवतो: पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या प्रसंगाला समाजाने दिलेलं ठरीव उत्तर, अशी ती दृष्टी. पंचनामा, ना-हरकत दाखला, गावसभेचा ठराव यांना ही दृष्टी लावून बघा, निम्मा प्रबंध तिथंच उभा राहतो.

मग डोरोथी विन्सर यांचा १९८८ चा, अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानावरचा लेख. २८ जानेवारी १९८६ ला यान फुटून सात जण गेले. रॉजर बॉइजोली या अभियंत्याने रॉकेटच्या सांध्यांतल्या रबरी कड्यांबद्दल ३१ जुलै १९८५ ला लेखी इशारा दिला होता. कागद होता, तरी तो पोचला नाही. वाईट बातमी संस्थेत वरच्या पायरीकडे सरकताना तिचं काय होतं, हे त्यात वाचायला मिळतं. शेवटी स्टीव्हन कॅट्झ यांचा १९९२ चा लेख. त्यात नाझी राजवटीतलं ५ जून १९४२ चं एक कार्यालयीन टिपण तपासलंय, माणसं मारण्यासाठी वापरलेल्या गाड्यांत सुधारणा सुचवणारं. टिपण मुद्देसूद आहे, नीट मांडलेलं आहे, आणि वाचताना अंगावर काटा येतो तो त्यामुळेच. 'सुबोध लिहा, थोडक्यात लिहा' एवढंच शिकवून थांबणाऱ्या मास्तरांनी तर तो वाचायलाच हवा.

फक्त अमेरिकी वाचन करून भागत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं शेवटचं अधिकरण ३२ तंत्रयुक्तींवर आहे, म्हणजे शास्त्रग्रंथ कसा रचावा याच्या युक्तींवर. थोडक्यात सांगणं तो उद्देश, विस्ताराने सांगणं तो निर्देश, अशी ती मांडणी आहे. न्यायशास्त्रातला प्रतिज्ञा (विधान), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (ते उदाहरण समोरच्या गोष्टीला लावणं), निगमन (निष्कर्ष) हा पाच अवयवांचा युक्तिवादही बघा. त्यात उदाहरणाला स्वतःचं आसन आहे, आणि आपल्याकडचा माणूस आजही तसाच वाद घालतो.

जवळचा इतिहास तर अजून पुरता कोणी उकरलेलाच नाही, असं माझं मत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, अशी त्या वेळी शेतकऱ्यांत समजूत होती आणि नांगर खपेनात. १९२० मध्ये त्याच वाडीतून शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' हे कारखान्याचं पत्र सुरू केलं आणि पुढे त्याचंच मोठं मासिक झालं. माल विकणारा माणूस नांगराविषयी शेतकऱ्याला पटेल असं कसं लिहितो, यावर एक अख्खी पीएच.डी. बसते. वाईला मराठी विश्वकोशाचं काम चालतं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये आला. अणुभौतिकीपासून मत्स्योद्योगापर्यंतचे विषय सामान्य मराठी वाचकासाठी लिहायचे म्हणजे काय करावं लागतं, हे बघायचं असेल तर एकाच विषयावरची विश्वकोशातली नोंद आणि पाठ्यपुस्तकातला धडा शेजारी ठेवा.

पायरी चौथी: हात काळे करा

अभ्यासकाला लिहिता आलं पाहिजे. कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत एखादा लहान कारखानदार गाठा आणि त्याच्या मशीनची मराठी वापरपुस्तिका लिहून द्या. पैसे थोडे मिळतील, कदाचित मिळणारही नाहीत, पण 'धोका', 'इशारा' आणि 'खबरदारी' यांतला फरक मशीनपाशी उभं राहूनच कळतो. धोका म्हणजे टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा ठरलेली, इशारा म्हणजे ती होऊ शकते, खबरदारी म्हणजे किरकोळ इजा. आणि धोक्याची सूचना कृतीच्या आधी लिहायची, नंतर नाही. 'झाकण उघडा. उघडण्यापूर्वी वीज बंद करा' असं छापलेली पत्रकं मी पाहिली आहेत.

पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत टेक्निकल रायटरची नोकरी हा दुसरा रस्ता. तिथं मार्कडाउन, गिट, डिटा अशी मजकूर लिहिण्या-सांभाळण्याची साधनं हातात बसतात आणि घरच्यांचा 'ते करून पुढं काय?' हा प्रश्न काही दिवस तरी थांबतो. मात्र भ्रमात राहू नका. या व्यवसायाची १९५३ पासूनची अमेरिकी संघटना, सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन, जानेवारी २०२५ मध्ये बंद पडली. एआय साधनं मजकूर भराभर पाडतात. नुसती भाषा गुळगुळीत करणाऱ्याची किंमत उतरली आहे. वाचक कुठं अडतो हे जागेवर जाऊन शोधणाऱ्याची उतरलेली नाही.

पायरी पाचवी: इथली पदवी

आपल्याकडे रेटरिक या नावाचा विभाग शोधत बसू नका. एम.ए. इंग्रजी, भाषाविज्ञान किंवा मराठी यांतून या विषयात शिरता येतं. सांगली, सातारा आणि कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे शिवाजी विद्यापीठाच्या पट्ट्यात येतात. भाषाविज्ञानासाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे. इंजिनिअर असाल तर वाया गेलात असं मुळीच नाही, या विषयात तांत्रिक पार्श्वभूमीला भाव आहे.

नेट, म्हणजे सहायक प्राध्यापकासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, द्या. दोन पेपर, मिळून १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. २०२४ पासून तिचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही चालतात. याच परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये, त्यावर घरभाडे भत्ता वेगळा. तिला वयाची अट आहे, सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेला नाही. महाराष्ट्राची सेट, म्हणजे राज्यस्तरीय पात्रता परीक्षा, पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेतं. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या संशोधन शिष्यवृत्त्यांच्या जाहिरातींवर आपापल्या प्रवर्गानुसार लक्ष ठेवा.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन वर्षं लागतात. पण सगळं अडतं ते मार्गदर्शकापाशी. 'तांत्रिक संज्ञापन' म्हटल्यावर 'हा आमचा विषय नाही' असं ऐकावं लागेल. तिथं थिअरी सांगू नका. पहिल्या पायरीतलं एक पान आणि दुसऱ्या पायरीतली एक मुलाखत पुढे ठेवा आणि उपयोजित भाषाविज्ञानाच्या चौकटीत हे बसेल का, असं विचारा. तरीही ज्यांना वाचायला वेळ नाही, त्यांच्या हाताखाली केवळ जागा रिकामी आहे म्हणून जाऊ नका.

पायरी सहावी: बाहेर जायचं असेल तर

टेक्सास टेक, आयोवा स्टेट, मिनेसोटा, नॉर्थ कॅरोलायना स्टेट या विद्यापीठांत या विषयाची डॉक्टरेट आहे. ऑगस्टच्या प्रवेशासाठी अर्ज बहुधा आदल्या डिसेंबर-जानेवारीत बंद होतात, म्हणजे तयारी त्याआधीच्या उन्हाळ्यात सुरू हवी. स्वतःच्या खिशातून डॉक्टरेट करायला जाऊ नका. अध्यापन सहायकाची जागा मिळाली तर शिकवणी शुल्क माफ होतं आणि मानधन मिळतं, त्या बदल्यात पहिल्या वर्षाच्या मुलांना लेखन शिकवावं लागतं. अमेरिकी मुलांना इंग्रजी लेखन आपण काय शिकवणार, हे दडपण सगळ्यांनाच येतं. पहिल्या सत्रानंतर ते ओसरतं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीची अट आणि तारीख आधी बघावी.

अर्जात सगळ्यांत जास्त वजन तुमच्या हेतुपत्राला आणि लेखननमुन्याला असतं. 'लहानपणापासून मला भाषेची आवड होती' या वाक्याने सुरुवात केलीत की वाचणाऱ्याचं लक्ष तिथंच उडालं. एका बागायतदाराने घडीपत्रक मिटून दुकानदाराला फोन का लावला, यापासून सुरुवात करा. मराठी मजकूर वापरताना मूळ देवनागरी द्या, खाली शब्दशः अर्थ, मग सुबोध भाषांतर. भाषांतरावर सगळी भिस्त ठेवलीत तर तुमची खरी जमेची बाजूच झाकली जाते.

शिफारसपत्रं तीन लागतात. 'विद्यार्थी हुशार व होतकरू आहे' अशा दोन ओळींच्या पत्राचा उपयोग नाही. सरांना किंवा मॅडमना तुमच्या कामाचा तपशील एका पानावर लिहून द्या आणि 'सर, या प्रकल्पाबद्दल लिहाल का?' असं स्पष्ट सांगा. आपल्याकडे मागायला संकोच वाटतो, पण त्यांनाही ते पान हवंच असतं.

त्यानंतर

डॉक्टरेटच्या काळात परिषदांत बोलायचं, मग नियतकालिकांना लेख पाठवायचे. लेख दुरुस्त्या मागत परत येणं ही रीतच आहे, अपमान नव्हे. आठवड्यात छापून देतो, एवढे पैसे भरा, अशी ई-मेल आली तर सरळ काढून टाका. यूजीसीने मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी २०२५ मध्ये बंद केल्यापासून चांगलं-वाईट ओळखण्याची जबाबदारी तुमच्यावरच आहे. संपादक मंडळात कोण आहे आणि मागच्या अंकातले लेख तुम्हाला स्वतःला वाचावेसे वाटतात का, एवढं बघितलं तरी बरंचसं कळतं.

अमेरिकेत सहायक प्राध्यापकाची जागा मिळाली की साधारण सहाव्या वर्षी कायमस्वरूपीचा निर्णय होतो. प्रकाशनं, अध्यापन आणि विभागाचं काम, तिन्ही तपासतात. परत यायचं असेल तर इथल्या जागा इंग्रजी, मानव्यविद्या किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या संज्ञापनाच्या नावाने निघतात. जागतिक क्रमवारीत पहिल्या पाचशेत असलेल्या परदेशी विद्यापीठाची पीएच.डी. असेल तर यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे नेट लागत नाही, पण जाहिरातीत एम.ए.चा विषय जुळतो का हे तरीही बघतात. म्हणून निघण्यापूर्वी नेट किंवा सेट काढून ठेवा, एम.ए.ची प्रमाणपत्रं स्कॅन करा, आणि विद्यापीठ निवडताना त्याचं क्रमवारीतलं स्थान एकदा तपासून घ्या.